भीमरावांचे मास्तर: एका विद्यार्थ्याच्या घडणीचा प्रकरण अभ्यास

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. बरोबर सोळा वर्षांनी, १९२३ मध्ये, याच मुलाचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एडविन कॅनन या नाणावलेल्या प्राध्यापकाने. या दोन टोकांच्या मध्ये कोणत्या शिक्षकाने नेमकं काय केलं, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे.

असा अभ्यास करण्याचं कारण सरळ आहे. शिक्षकदिन आला की 'गुरूंनी प्रेरणा दिली' हे वाक्य आपण इतक्या सहज म्हणतो, की ती प्रेरणा म्हणजे काय हे विचारायचं राहूनच जातं. बाबासाहेबांच्या बाबतीत ते विचारता येतं. त्यांच्या आयुष्याची नोंद भरपूर आहे, स्वतः त्यांनी आपल्या शिक्षकांविषयी लिहून-बोलून ठेवलंय, आणि त्यांच्या शिक्षकांचं लेखनही आज वाचायला मिळतं. ही सगळी नोंद पाहिल्यावर माझं मत असं झालं की ज्या शिक्षकांनी त्यांना खरोखर घडवलं त्यांनी उपदेश फार थोडा केला. त्या-त्या वेळी अडलेली एक गोष्ट त्यांनी पुढे ढकलून दिली, आणि पुढे विद्यार्थी आपल्याहून वेगळं बोलू लागला तेव्हा त्याचं तोंड दाबलं नाही.

घरचे मास्तर

सुरुवात घरातून करायला हवी, कारण वडील रामजी सकपाळ हे पेशानेच शिक्षक. सैन्यातले सुभेदार आणि लष्करी शाळेतले मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर सातारा आणि मग मुंबईत परळला चाळीतली एक खोली. तिथेच चूल, तिथेच झोपायचं, तिथेच अभ्यास. रामजींनी केलेली व्यवस्था चरित्रकारांनी नोंदवली आहे: मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवायचं, म्हणजे सगळं घर निजलेलं असताना त्याला शांतपणे वाचता येईल. मुलाला पुस्तक हवं असलं आणि खिशात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात. पैसे उसने मिळाले तर ठीक, नाहीतर लेकीचा दागिना मागून घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन हातात आली की सोडवून देत.

इंग्रजी आणि भाषांतराचा पाया वडिलांनी घालून घेतला. पुढे कोलंबियात या मुलाने जो अभ्यासाचा सपाटा लावला, त्याची सवय या खोलीत लागली होती. घरात असा माणूस नसलेल्या मुलाला शाळेतला शिक्षक कितपत पुरा पडेल, हा प्रश्न हे प्रकरण वाचताना सतत डोक्यात ठेवावा लागतो.

साताऱ्याची भाकरी

साताऱ्याच्या शाळेतले आंबेडकर मास्तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते आडनावाच्या कथेमुळे: त्यांनी आपलं आडनाव या मुलाला दिलं, अशी ती कथा. मला मात्र त्यांच्याविषयीचा दुसरा तपशील जास्त मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत सांगितलंय की हे मास्तर वर्गात शिकवत फारसं नसत, पण या मुलावर त्यांचा जीव होता. मधल्या सुट्टीत जेवायला लांब घरी जावं लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी रोज त्याला देत. देताना ती वरून हातात टाकत.

हे 'वरून टाकणं' झाकून ठेवू नये. मास्तर ब्राह्मण होते, मुलगा महार होता, आणि शाळेत बसायला त्याला घरून गोणपाट न्यावं लागत होतं. मास्तरांच्या मायेला त्या काळाची हद्द होती. तरीही त्या भाकरीची गोडी बाबासाहेब आयुष्यभर विसरले नाहीत. गोलमेज परिषदेला निघताना याच मास्तरांचं मायेचं पत्र आलं, तेही त्यांनी जपलं. बाकीची सगळी शाळा तू आमच्यातला नाहीस असं सांगत असताना एक मोठा माणूस रोज आपली वाट पाहतो, एवढं कळणंही मुलाला शाळेत टिकवायला पुरतं. अध्यापनकौशल्याच्या कुठल्याही तक्त्यात आंबेडकर मास्तरांना शून्य गुण पडले असते, आणि असे तक्ते भरताना आपण काय मोजायचं विसरतो ते यावरून दिसतं.

फळा, डबे आणि संस्कृत

याच प्रकरणात आडव्या आलेल्या शिक्षकांची आणि शाळांचीही नोंद हवी. ती टाळली तर अभ्यासाचं आरतीत रूपांतर होईल.

एल्फिन्स्टन हायस्कूल हे सरकारी, नावाजलेलं. तिथे एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्याला हात लावण्याआधी सगळ्यांनी धावत जाऊन आपापले डबे हलवले. त्या शिक्षकांनी त्याला बोलावलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. पण वर्ग त्यांच्या हातात राहिला नाही, हेही.

संस्कृतचं दुखणं याहून खोल आहे. भीमरावांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही आणि पर्शियनवर समाधान मानावं लागलं. बी.ए.लाही इंग्रजी आणि पर्शियन हेच विषय राहिले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर, पंडितांची मदत घेत शिकून घेतलं आणि धर्मशास्त्रांवर जे लिहिलं ते सर्वांसमोर आहे. अशा गोष्टीवर 'नकारातूनच माणूस घडतो' असं म्हणायचा मोह होतो. मला तो अत्यंत अन्यायाचा वाटतो. ज्या भाषेसाठी वर्गात चार वर्षं पुरली असती तिच्यासाठी एका माणसाला निम्मं आयुष्य वाट पाहावी लागली, हे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच मांडायला हवं. शिवाय त्याच बाकांवरून जी इतर मुलं नकार ऐकून परत गेली त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

केळुस्कर गुरुजी

या प्रकरणाचा मध्य इथे आहे. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. ते मराठीतले चरित्रकार आणि समाजसुधारक. भीमराव त्यांच्या शाळेत नव्हते, त्यांच्या वर्गात नव्हते. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक घेऊन बसे. केळुस्करही संध्याकाळी तिथे वाचायला येत. रोज दिसणाऱ्या या मुलाची त्यांनी एक दिवस चौकशी केली आणि मग त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले.

भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा अस्पृश्य समाजातल्या मुलाने एवढी मजल मारणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. (१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडणारे हेच बोले. त्या ठरावाच्या पाठोपाठ महाडचं चवदार तळं आलं.) या सभेत केळुस्करांनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र मुलाला भेट दिलं, असं चरित्रकार सांगतात. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत हा प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा म्हणून सांगितलाय आणि 'दादा केळुस्कर' हे वडिलांचे स्नेही असल्याचं लिहिलंय. तारखेचा हा फरक अभ्यासकांनी सोडवावा. पुस्तक कोणी दिलं आणि वाचून मुलाचं काय झालं, याबद्दल दोन्हीकडे एकमत आहे. ते वाचून मुलाने वडिलांशी वाद घातला की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावलंत, मग बुद्धाचं साहित्य का दिलं नाहीत?

पण केळुस्कर पुस्तक देऊन थांबले असते तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटरही झाले, आणि रामजींचा हात आखडला. पेन्शनीत आता निभत नव्हतं. या घडीला केळुस्करांनी जे केलं ते मला अख्ख्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी दाखवली होती. केळुस्करांनी ती लक्षात ठेवली, ओळखीपाळखीतून भेट ठरवली आणि भीमरावांना घेऊन महाराजांपुढे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, मुलाने नीट उत्तरं दिली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर यांनीही पुस्तकं आणि कपडे देऊन हातभार लावला. १९१२ च्या अखेरीस भीमरावांनी बी.ए.ची परीक्षा दिली.

केळुस्करांच्या जागी दुसरा सज्जन शिक्षक काय म्हणाला असता? 'हिंमत सोडू नकोस, मार्ग निघेल.' केळुस्करांना कळलं होतं की हिंमत या मुलाकडे भरपूर आहे, कमी आहे ती महिन्याची फी. नेमकी उणीव ओळखायची आणि ती भरून काढण्यासाठी स्वतः उठून चालत जायचं, शब्द टाकायचा, आपली पत पणाला लावायची. शिफारस करणं म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याची जबाबदारी घेणं, आणि बहुतेक चांगले शिक्षक इथेच मागे सरतात.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी जे विद्यार्थी निवडले त्यांत भीमराव होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

कोलंबिया: गुरूच्या वाक्याला जोडलेलं एक वाक्य

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषयही भरपूर घेतले. सेलिग्मन अर्थशास्त्राचे, ड्यूई तत्त्वज्ञानाचे, शॉटवेल आणि रॉबिन्सन इतिहासाचे, गोल्डनवायझर मानववंशशास्त्राचे. गोल्डनवायझरांच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी पंचविशीतल्या भीमरावांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वर्गातला निबंध म्हणून लिहिलेला हा मजकूर आज शंभराहून अधिक वर्षांनीही जातिसंस्थेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. ज्या मुलाच्या हाताने फळा विटाळेल म्हणून डबे हलवले गेले, त्यानेच त्या विटाळाची उपपत्ती विद्यापीठाच्या टेबलावर उलगडून मांडली, आणि वर्गाने ती ऐकून घेतली.

एडविन सेलिग्मन यांचा एक प्रसंग चरित्रात आहे. भीमरावांनी त्यांना विचारलं, संशोधनाची कोणती पद्धत वापरू? सेलिग्मन म्हणाले, मनापासून काम करत राहा, तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल. मार्गदर्शकाने असं म्हणायला विद्यार्थ्यावर फार विश्वास असावा लागतो, कारण पद्धत देणं सोपं आणि सापडू देणं वेळखाऊ. याच सेलिग्मननी पुढे लंडनमधल्या विद्वानांना भीमरावांची शिफारस करणारी पत्रं लिहिली. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा भीमरावांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती, आणि या विषयाच्या मूलतत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात दुसरीकडे कुठे नाही असं त्यांनी त्यात लिहिलं. म्हणजे शिकवणं १९१६ ला संपलं तरी गुरू-शिष्याचा व्यवहार दहा वर्षं चालू राहिला.

आणि जॉन ड्यूई. ड्यूई वक्ते म्हणून प्रभावी नव्हते, विचार करत करत अडखळत बोलत. तरी बाबासाहेबांवर त्यांची छाप एवढी की तीस वर्षांनीही ते घरी ड्यूईंच्या वर्गातल्या लकबी करून दाखवत, अशी त्यांच्या दुसऱ्या पत्नी माईसाहेब यांची आठवण आहे. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. ड्यूईंना भेटायचं मनात होतं, पण प्रवासात असतानाच ड्यूई वारल्याची बातमी आली. तिथून माईसाहेबांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की माझं सारं बौद्धिक आयुष्य मी या माणसाचं देणं लागतो.

हे 'देणं' कसं दिसतं ते एका वाक्यात पाहता येतं. १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात ड्यूई म्हणतात की लोकशाही ही राज्यपद्धतीहून अधिक काही आहे. ती मुळात एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोचवत ते वाटून घेण्याची रीत आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. मंडळाने घाबरून अधिवेशनच रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात हे ड्यूईंचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं येतं. आणि लगेच पुढे बाबासाहेबांचं स्वतःचं वाक्य येतं: लोकशाही म्हणजे मूलतः आपल्या सोबतच्या माणसांविषयीची आदराची आणि पूज्यभावाची वृत्ती.

हे दुसरं वाक्य ड्यूईंना सुचलं नाही, आणि त्यात नवल नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला सगळ्यांनी अनुभव वाटून घ्यावा असं वाटणं पुरेसं होतं. ज्याच्या हातात भाकरी वरून टाकली गेली होती त्याला ठाऊक होतं की आदर नसेल तर वाटून घेणं सुरूच होत नाही. गुरूचा विचार घेऊन त्यात स्वतःच्या आयुष्याची भर घातलेली इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते. माझ्यासाठी या अभ्यासातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

कॅनन: मतभेद असूनही प्रस्तावना

कोलंबियाहून भीमराव लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली आणि तिथे शिक्षकांच्या सामर्थ्याची मर्यादा उघडी पडली. शहरात राहायला घर मिळेना. मदतीला पुन्हा केळुस्करच धावले. ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे त्यांनी सोय लावली, पण त्या घरातून विरोध झाला आणि तीही बारगळली. न्यूयॉर्कहून शिकून आलेला माणूस नोकरी सोडून मुंबईला परतला. गुरू कितीही मोठे असोत, एका घराचा उंबरठा त्यांना ओलांडून देता आला नाही.

नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घालून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाबाईंनी जी ओढाताण सोसली तिची बरोबरी कुठल्याही शिक्षकाच्या उपकाराशी होणार नाही.

लंडनमधले एडविन कॅनन कडक. भीमरावांच्या मांडणीतला प्रत्येक दुवा त्यांनी ओढून पाहिला. रुपयाच्या प्रश्नावरच्या त्या ग्रंथाच्या सुरुवातीला भीमरावांनी कृतज्ञतेने लिहिलं की गुरूंच्या कठोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांतून वाचलो. आता कॅनन यांची प्रस्तावना पाहा. शिष्याच्या पुस्तकाची ओळख करून देताना ते पहिल्याच दमात सांगतात की यातल्या बऱ्याच टीकेशी मी सहमत नाही. मात्र काही ठिकाणी लेखकाने अचूक वर्मावर बोट ठेवलंय, आणि जिथे तो मला साफ चुकला वाटला तिथेही त्याच्या विचारांत आणि युक्तिवादांत ताजेपणा जाणवला. माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला अस्सल प्रतिभेचे हट्ट सहन करायला शिकावंच लागतं, असंही ते म्हणतात.

आपल्याकडच्या किती मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या ग्रंथात 'मला हे पटलेलं नाही' असं छापून आणलं असेल? आणि किती विद्यार्थ्यांनी अशी प्रस्तावना आनंदाने स्वीकारली असेल? आपल्या विद्यापीठांत पटत नसलेलं प्रकरण बदलायला लावतात किंवा सही अडवून ठेवतात. कॅनननी प्रत्येक कलम घासून पाहिलं, न पटलेलं न पटलेलंच ठेवलं, आणि तरी आपलं नाव त्या पुस्तकाच्या पुढे लावलं. भीमरावांची महत्त्वाकांक्षा परीक्षा आणि पदव्यांच्या पलीकडे गेली ती अशा प्रकारच्या शिक्षकांमुळे, असं मला ठामपणे वाटतं. गुरूशी मतभेद ठेवूनही गुरूचा आदर राखता येतो, हे ते त्यांच्याकडून प्रत्यक्ष वागण्यातून शिकले.

शिष्य मास्तर होतो तेव्हा

बाबासाहेब स्वतः शिक्षक म्हणून कसे होते, हे सिडनहॅमच्या दिवसांवरून कळतं. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, असा भाव घेऊन आलेली मुलं हळूहळू वर्गात रमली, आणि पुढे इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे गरीब मुलांना दिवसा नोकरी करून शिकता येईल. एका शिक्षकाने एका मुलासाठी राजदरबारी शब्द टाकून जे मिळवलं होतं, ते इथे हजारोंच्या वेळापत्रकात बसवलेलं दिसतं. १९५० मध्ये औरंगाबादला दुसरं कॉलेज निघालं, ज्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीनंतर कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याला पुढे नाव दिलं मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनाला तो एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो आणि त्यांच्या संवादाचा अख्खा पाली ग्रंथ आहे. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव मिळालं. उत्तरं देणाऱ्या गुरूचं नाव भोवतालच्या परिसराला आहे, नागसेनवन.